शेंगेसाठी जागा

टक्.

सकाळच्या शांततेत रेडिएटर वाजला आणि ईप्सिताच्या हातातला चहाचा कप ओठांशीच थांबला. आतल्या खोलीत उत्कर्ष आणि पाच वर्षांची स्पृहा अजून गाढ झोपलेले. घरातला हीटर सुरू झाला, म्हणजे तळ्यावरचा मोसम संपत आला. आणि शेंगेला अजून जागा मिळाली नव्हती.

शेंग म्हणजे त्यांची शिडाची होडी. जुनी, लाकडी, दोन्ही टोकांना निमुळती. नाव स्पृहानं ठेवलेलं. हॅनोव्हरजवळच्या श्टाइनहुडच्या पसरट तळ्यावर ती उन्हाळाभर डोलायची. हिवाळ्यात मात्र होडी पाण्यात ठेवून चालत नाही, बर्फ फळ्या फोडतो. बाहेर काढायची, झाकायची, आणि कुणीतरी अधूनमधून जाऊन बघायचं. यंदा बघणारंच कुणी नव्हतं. उत्कर्षला कंपनी चार महिन्यांसाठी पुण्याला धाडणार होती, त्यातच तिथे ईप्सिताच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं. सगळं घर ऑक्टोबरात जाणार, ते फेब्रुवारीत परतणार.

होडी उन्हाळ्यात जिथे बांधत, त्या धक्क्याच्या मालकाचा हिवाळी हॉल भरलेला. बिल्डिंगच्या अंगणात तिथला रखवालदार, हाउसमाइस्टर, सायकलसुद्धा वाकडी लावू देत नाही. मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, तर श्रीपादचं उत्तर तयार: "वहिनी, गणपतीबरोबरच हिचंही विसर्जन उरकायचं होतंत की!"

"रविवारी हरीश येतोय ट्रेलर घेऊन, एर्लांगेनहून," काल जेवताना उत्कर्ष आपल्या मित्राबद्दल म्हणाला होता. "मागतोय तर देऊन टाकू. पुढे दुसरी घेता येईल."

"एर्लांगेनला नेऊन कुठे सोडणार तो? बाथटबमध्ये?"

"अगं, मग जागा दाखव ना मला."

"उद्या संध्याकाळपर्यंत दाखवते."

ते ती बोलून गेली होती खरी. पण होडी द्यायची तिची मुळीच तयारी नव्हती. या देशात आल्यापासून बँकेत, डॉक्टरकडे, स्पृहाच्या बालवाडीत, सगळीकडे माणसं आधी उत्कर्षकडे बघून बोलायची. होडी चालवायची परीक्षा मात्र तिनं जर्मनमधून, मांडीवर पोर घेऊन अभ्यास करत दिली होती. शेंगेत सुकाणू तिच्या हातात असायचं आणि उत्कर्ष निमूटपणे "आता कुठला दोर ओढू?" असं विचारायचा. ते ती कुणाच्या ट्रेलरवर चढवून देणार नव्हती.

तिनं कप खाली ठेवला आणि स्पृहाच्या पांघरुणात हात घातला. "ऊठ गं सोन्या. शेंगेला घर शोधायचंय."

दुपारपर्यंत मायलेकी शेंगेतून तळं ओलांडून पलीकडच्या काठाला, मार्डोर्फला पोचल्या. तिथे जेमतेम डझनभर बोटींचा एक छोटा क्लब होता. वारा वाढत होता. पाहुण्यांच्या धक्क्याला ईप्सितानं होडी बांधली, आणि बांधली ती कशी! पुढून, मागून, मधून, दोराला तसूभर ढील न देता. तिचे बाबा पावसाळ्यात स्कूटरसुद्धा खांबाला करकचून बांधत. घट्ट बांधलं की निर्धास्त, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. दोर थोडा सैल ठेवावा, हे परीक्षेत तिनं बरोबर लिहिलं होतं, पण धास्तावलेला हात परीक्षेचं थोडंच ऐकतो?

क्लबच्या अध्यक्षबाई, फ्राउ क्रोगर, ओसरीवर डब्यातला केक खात बसल्या होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, स्पृहाला केकचा तुकडा दिला, आणि मग सरळ नाही म्हणाल्या.

"मालक देशाबाहेर असेल तर आम्ही बोट घेत नाही. एकदा घेतली होती. वादळात सुटली आणि शेजारच्या बोटीला भोक पाडलं. मालक पोर्तुगालमध्ये, उन्हात!"

"माझी सुटणार नाही. किती घट्ट बांधलीय बघा."

दोघी बघायला गेल्या आणि ईप्सिताचा चेहराच पडला. तासाभरात वाऱ्यानं पाणी पलीकडच्या काठाकडे लोटलं होतं. इथलं पाणी वीतभर उतरलं, पण होडीला उतरायला दोर मोकळा नव्हता. शेंग एका अंगावर कलून, दावणीला लटकलेल्या वासरासारखी लोंबत होती. दोर कण्हत होते.

"आल्झो, हे असं होतं," फ्राउ क्रोगर हळूच म्हणाल्या. "बघितलंत ना?"

"माझंच चुकलं," ईप्सिता म्हणाली. कान तापले होते, पण मागे फिरली नाही. ओणवी होऊन तिनं एकेक गाठ सोडवली. होडी पाण्यात टेकली तशी स्पृहानं टाळ्या वाजवल्या. मग ईप्सितानं लांब दोर घेतले, तिरपे बांधले. पाणी चढो वा उतरो, होडीला आपलं आपण हलता यावं, पण धक्क्यावर आपटू नये, इतकीच मोकळीक ठेवली. बोटं गारठली तरी सगळं नीट होईतो उठली नाही.

शेजारच्या बोटीवर एक नवराबायको बोट झाकायची ताडपत्री शिवत होते. बायको म्हणाली, "ही ऑगस्टमध्ये फाटली. आम्ही डेन्मार्कमध्ये, आणि इथे वादळ. बघायला चिटपाखरू नाही."

ईप्सितानं मान वर केली. "ऑगस्टमध्ये इथे कुणीच नसतं?"

"कोण असणार? सगळे सुटीवर!"

"आम्ही असतो की!" ती ताडकन उभी राहिली. "फ्राउ क्रोगर, तुम्ही लोक उन्हाळ्यात जाता, आम्ही हिवाळ्यात. आमच्याकडची लग्नं काय, सुट्ट्या काय, सगळं डिसेंबरात. उन्हाळाभर मी तुमच्या सगळ्या बोटी बघते, दर आठवड्याला येऊन. हिवाळ्यात तुम्ही माझी एक बघा. आमच्याकडे शेजारी असंच करतात. मी गावाला गेले तर तू माझं दार बघ, तू गेलीस तर मी तुझं."

फ्राउ क्रोगर खाली वाकल्या. त्यांनी नव्यानं बांधलेला दोर चिमटीत धरून पाहिला. शिवणारी बायको त्यांना म्हणाली, "आमच्या शेडमध्ये मागे कोपरा रिकामा आहे, रोझमारी."

"वादळात मी फोन केला तर उचलाल?"

"फोन कशाला? तुम्ही करायच्या आत मी इथे पोचलेली असेन."

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राउ क्रोगर हसून म्हणाल्या. "असंच उत्तर हवं होतं."

उत्कर्ष गाडी घेऊन आला तेव्हा वारा पडला होता. तिनं त्याला हाताला धरून शेडपाशी नेलं, कोपरा दाखवला. तो कोपऱ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"हरीशला काय सांगू?"

"सांग, डिझेल वाचलं तुझं."

"धन्य आहेस," तो म्हणाला, आणि फोन लावायला बाजूला गेला.

मागच्या सीटवर स्पृहाचा पट्टा लावताना ईप्सितानं तिच्या गार नाकाला नाक लावलं. पोर डोळे चोळत होती, पण डोक्यात काहीतरी चाललेलं.

"आई, आपण पुण्याला गेलो की फ्राउ क्रोगर शेंगेकडे बघणार ना?"

"हो. दर आठवड्याला."

"आणि मग आपण परत इकडे येणार?"

"येणार की."

"मग आजीकडे कोण बघणार?"