बारीक डोळ्यांची फिओरा

माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका, मित्रांनो. माझे काठ विरले आहेत, रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक मोठा तपकिरी डाग आहे, हे मलाही ठाऊक आहे. जातीने मी जुना मांजरपाट, पण धंद्याने सिनेमाचा बॅनर. वीस फूट लांब! माझ्यावर जिचा चेहरा रंगवला आहे ती इटलीची नामांकित नटी, फिओरा साल्वेत्ती. चेहरा तिचा आहे, डोळे मात्र वरळीच्या एका बाईचे आहेत. ते कसे झाले, तेच आज सांगतो.

माझा जन्म परळच्या एका गिरणीत, कापड विणणाऱ्या साचेखात्यात झाला. माझ्या भाऊबंदांच्या चादरी झाल्या, पिशव्या झाल्या. मी लालबागच्या एका सिनेमाघरात गेलो आणि जयवंत पेंटरच्या हाती पडलो. जयवंत वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा. तोंडाने कमी बोलायचा, ब्रशाने जास्त. आमच्या धंद्याची एक रीत होती. सिनेमा उतरला की बॅनरला सफेदा, म्हणजे पांढरा रंग, फासायचा, तो वाळला की त्यावरच पुढचा चेहरा काढायचा. म्हणून माझ्या पोटात एक राजा, दोन डाकू आणि एक संत आजही गुण्यागोविंदाने नांदत आहेत. त्यांची आठवण कुणालाच नाही. पुसले जाणे हे आपले प्राक्तन, असे मीही मानत होतो.

१९५६ सालच्या जानेवारीत मॅनेजर चिंतामणराव एक पुस्तिका घेऊन मागच्या अंगणात आले. गिरगावात राहणारा, धोतर-कोटातला हा माणूस इंग्रजी असे वाचायचा की ऐकतच राहावे. सिनेमा इटलीचा होता. रिळे अजून यायची होती. अशा वेळी जयवंतने चित्र काढावे आणि चिंतामणरावांनी पुस्तिका वाचून अर्थ सांगावा, असे ठरलेले असे. त्या दिवशी जयवंतची बायको सुभद्रा भाकरी घेऊन आली होती. ती गिरणीत, सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात कामाला होती, पण लग्नाआधी वडाळ्याच्या मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिलेली.

चिंतामणराव वाचू लागले आणि फिओराचे आयुष्य आमच्या अंगणात उलगडले. दक्षिण इटलीत समुद्रकाठी तिचे गाव. बाप मिठागरात मजूर. नवव्या वर्षापासून फिओराही मीठ वाहू लागली. लढाईत बाप गेला, मागे आई आणि तीन धाकटी भावंडे राहिली. लढाई संपल्यावर एक दिग्दर्शक तिथे सिनेमा काढायला आला. शहरातून आणलेली नटी खाऱ्या पाण्यात चार पावले चालली आणि पायाला फोड आले म्हणून बसून राहिली. मग नुसते पाय दाखवायला फिओराला उभे केले. तिचे चालणे पाहून दिग्दर्शकाने कॅमेरा वर उचलला, चेहऱ्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबला. शहरातली नटी दुसऱ्या दिवशी परत गेली!

"ऐक जयवंता, ही खरी गंमत," चिंतामणराव म्हणाले. "रोमच्या स्टुडिओत तिला म्हणाले, तुझा रंग उजळवू, नाक सरळ करू. तर ही म्हणते, हा चेहरा उन्हाने बारा वर्षं खपून केलाय, तो तुम्ही दोन तासांत पुसणार?"

"शाब्बास गं बाई!" सुभद्रा एकदम बोलून गेली आणि लाजली.

ती वीस-एकवीस वर्षांची पोर कुणापुढे झुकली नाही. शाळेत न गेलेली फिओरा पडद्यावर मास्तरीण झाली, धोबीण झाली, पुढे राणीही झाली, आणि प्रत्येक वेळी लोकांना वाटले की ही आमच्याच आळीतली आहे. मोठे बक्षीस मिळाले तेव्हा ती डोक्याला रुमाल बांधलेल्या आपल्या आईला हाताला धरून मंचावर घेऊन गेली. हे ऐकताना माझा धागा न् धागा ताठ झाला होता.

जयवंतने पुस्तिकेतल्या फोटोवर चौकटी आखल्या, माझ्यावर मोठ्या चौकटी आखल्या आणि चेहरा उतरवू लागला. फोटो गुळगुळीत होता. गोरापान चेहरा आणि टपोरे, सताड उघडे डोळे. सुभद्रा मागे उभी राहून बघत होती.

"ही मिठागरातली नाय," ती म्हणाली.

"फोटो हाय ना समोर," जयवंत म्हणाला.

"फोटो काय सांगतो? मिठावर ऊन पडलं की आरशासारखं डोळ्यांत मारतं. तिथली बाई असे डोळे फाडून बघंलच कशी? आंधळी व्हायची."

मग ती भर दुपारी अंगणात उभी राहिली आणि सूर्याकडे तोंड करून तिने डोळे बारीक केले. कडेला सुरकुत्यांचा पंखा उमटला, कपाळावर आठी आली, ओठ किंचित विलग झाले. जयवंतने ब्रश थांबवला, तिच्याकडे पाहिले आणि मग तेच डोळे माझ्यावर उतरवले. रंगही गव्हाळ, उन्हाने भाजलेला दिला. मित्रांनो, माझ्यावर पुष्कळ चेहरे आले, पण माझ्यातून कुणी बाहेर बघते आहे असे मला पहिल्यांदाच वाटले.

शनिवारी मला दर्शनी भागावर चढवले. सोमवारी सकाळी चिंतामणराव रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि त्यांचा पारा चढला.

"जयवंता, ही इटलीची नटी आहे की भाजीवाली? डोळे मिचकावतेय काय, काळी काय! फोटो दिला होता ना तुला? उद्या उतरव, सफेदा मार आणि फोटोबरहुकूम काढ. मिठागरातली बाई बघायला तिकीट कोण काढणार?"

सुभद्रा तिथेच होती. तिने पदराने तोंड पुसले आणि कामावर निघून गेली. मला फार वाईट वाटले. पुसली जाणार होती फिओरा, पण घाव बसला होता सुभद्राला.

त्याच संध्याकाळी रेडिओवर बातमी आली की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहील. सारे गिरणगाव रस्त्यावर आले. गिरण्या बंद पडल्या. मंगळवारी जयवंतने मला उतरवून अंगणात पसरले, बादलीत सफेदा कालवला आणि नुसता बसून राहिला. ब्रश बादलीत बुडवायला त्याचा हात धजेना. काम बंद म्हणून सुभद्राही आली होती. ती माझ्याकडे पाठ करून बसली.

तेवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा झाला. पोलिसांचा गोळीबार सुरू झाला होता. माणसे वाट फुटेल तिकडे धावत होती. सिनेमाघराची लोखंडी जाळी बंद होती. ती उघडायला कोण धावले, माहीत आहे? आमचे चिंतामणराव! "आत या, आत या!" असे ओरडत त्यांनी जाळी सरकवली. वीस-पंचवीस माणसे आत आली आणि चिंतामणराव मांडी धरून खाली बसले. त्यांना गोळी लागली होती.

स्ट्रेचर कुठून आणणार? जयवंतने मलाच ओढले, चारपदरी घडी केली आणि त्यांना माझ्यावर निजवले. सुभद्राने आपला पदर फाडून जखम आवळून बांधली. सहा जणांनी माझे कोपरे धरले. सुभद्राही एका कोपऱ्याला होती. गल्लीबोळांतून आम्ही परळच्या हॉस्पिटलकडे निघालो. मी जन्मभर चेहरे वाहिले होते, माणूस पहिल्यांदाच वाहत होतो. विरू नकोस, फाटू नकोस, असे स्वतःलाच बजावत होतो.

"जयवंता, बोर्ड खराब होतोय रे," चिंतामणराव विव्हळत म्हणाले.

"तुम्हीच पुसायला सांगितलेला ना, सायेब. गप पडा."

चिंतामणराव वाचले. कर्फ्यू उठला, तोवर बादलीतला सफेदा दगडासारखा घट्ट झाला होता. पुढे सिनेमाघर उघडले तेव्हा नव्याने काढायला वेळच नव्हता. मी होतो तसाच, चिंतामणरावांच्या रक्ताच्या डागासकट, पुन्हा वर चढलो. जयवंत डागावर रंग मारायला निघाला होता, पण सुभद्राने त्याचा हात धरला.

पहिल्या खेळाला चिंतामणराव कुबडी घेऊन आले. पुढे काय झाले ते दारावरच्या धोंडूने नंतर इतक्यांदा सांगितले की मला पाठ झाले आहे. अंधार झाला. पडद्यावर पांढरेशुभ्र मिठागर उजळले. डोक्यावर पाटी घेतलेली एक पोर चालत आली, थांबली आणि तिने मान वर केली. डोळे बारीक, कडेला सुरकुत्यांचा पंखा, कपाळावर आठी. हुबेहूब! थिएटरभर कुजबुज झाली, "अरे, ही तर बाहेरच्या बोर्डावरचीच!"

मध्यंतरात चिंतामणराव सुभद्रापाशी आले. "सुभद्राबाई, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं, सायेब?" ती म्हणाली. "तुमी फोटू बघितलात. मी ऊन बघितलंय."

सिनेमा उतरला, पण मला सफेदा लागला नाही. चिंतामणरावांनी दुसरा मांजरपाट मागवला आणि मला घडी करून कपाटात ठेवले. पुढे फिओराची बातमी कुठे छापून आली की ते कात्रण काढत आणि दोघांना वाचून दाखवत. फिओराने मिठागरातल्या पोरांसाठी शाळा बांधली. दर उन्हाळ्यात ती गावी जाऊन बायकांबरोबर मीठ ओढते. हे ऐकले की सुभद्रा म्हणायची, "मग? पाय विसरत नाय मीठ."

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. सगळ्या लालबागने गुढ्या-तोरणे उभारली. चिंतामणरावांनी लंगडत येऊन कपाट उघडले आणि सिनेमा नसताना मला दर्शनी भागावर चढवले. कुणी विचारलेच, "साहेब, कुठला पिक्चर लागलाय?"

"पिक्चर नाही," ते म्हणाले. "आज घरची माणसं वर लावलीत."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातीही कधी सफेद्याची बादली येईल. एखादा चेहरा ओबडधोबड वाटला म्हणून लगेच ब्रश उचलू नका. तो कोणत्या उन्हात घडला आहे, एवढे आधी विचारा.

त्या दिवशी मे महिन्याचे ऊन रणरणत होते. सुभद्रा खाली उभी राहून माझ्याकडे बघत होती. डोळे दिपत होते म्हणून तिने ते बारीक केले. शेजारच्या एका लहान मुलीने तिच्याकडे पाहिले, मग वर माझ्याकडे पाहिले, आणि आईचा पदर ओढून ती ओरडली, "आई, ती बघ! बोर्डावरची बाई इथे उभी आहे!"