बी.ए. होईपर्यंत

गोजरच्या घरात पुडीचा कागद कधी फेकला जात नसे. शहापूरच्या बाजारातून गूळ आला, चहा आला, की तिची भावजय भिमी सामान डब्यात रिकामं करी आणि कागद नणंदेपुढे टाकी. "घे गो, तुझं जेवन आलं." गोजर तो मांडीवर घासून सरळ करी आणि ओळीवर बोट फिरवत मोठ्याने वाची. कधी केसांच्या तेलाची जाहिरात, कधी कुठल्याशा राजाच्या हरवलेल्या घोड्याची बातमी. घोडा सापडला की नाही हे बहुधा दुसऱ्या कुणाच्या पुडीत गेलेलं असे.

हा नाद तिला नवऱ्यापायी लागला होता, आणि नवरा होता मुंबईत.

लहान मुलींच्या लग्नांवर सरकार बंदी आणणार अशी हूल उठली, तेव्हा त्या मुलखात इतके मांडव पडले की वाजंत्री मिळेनासे झाले. त्याच धांदलीत नऊ वर्षांच्या गोजरचं मुरबाडकडच्या काळूराम देसल्यांच्या कुंडलिकशी लग्न लागलं. कुंडलिक चौदाचा, शाळेत हुशार. काळूरामने मांडवातच सांगून टाकलं, "पोरगा बी.ए. होनार. आमच्यात अजून कोनी झाला नाय. तो होईपर्यंत सूनबाय माहेरीच ऱ्हाऊ द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. बी.ए. म्हणजे काय, हे मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं, काळूरामलाही नव्हतं. मामलेदार होतो म्हणे, एवढंच.

आता गोजर अठराची होती. तिच्याबरोबरीच्या मुली कडेवर एक आणि बोटाशी एक घेऊन माहेरपणाला येत. गेल्या साली जूनमध्ये काळूराम बैलगाडी जुंपून आला, ओटीवर बसला आणि म्हणाला, "नापास झाला." यंदाही आला, बसला, तेच म्हणाला. पाणी पिऊन परत गेला. भिमी भडकली. "मास्तराला चौथी पुरते, कचेरीतल्या कारकुनाला मॅट्रिक पुरते. ह्यांनाच येवढं कशाला लागतं?" गोजरला बी.ए. नको होतं, तिला तो हवा होता.

आणि तिने त्याला पाहिला होता तो किती? तीन वर्षांमागे दिवाळीला तो दोन दिवस आला होता तेवढाच. शेताच्या बांधावर कुणी नाही असं बघून त्याने विचारलं होतं, "नाव लिहिता येतं?" तिने मान हलवली, येत नाही म्हणून. त्याने काटकी घेऊन ओल्या मातीत लिहिलं, गोजर. तो गेल्यावर तिने त्या अक्षरांवर टोपली पालथी घातली, वर दगड ठेवला. चार दिवस ती रोज टोपली उचलून बघत होती. मग तिने भावाच्या, महादूच्या मागे लागून त्याची चौथीपर्यंतची सगळी विद्या एका पावसाळ्यात काढून घेतली.

त्या आश्विनात मिरच्यांची पुडी आली. कागदाला तिखट लागलं होतं, वाचता वाचता दोघींना शिंका येत होत्या. वरच्या कोपऱ्यात तारीख गेल्या सालच्या जूनची होती. खाली बारीक अक्षरात नुसती नावं. बी.ए.च्या परीक्षेत पास झालेले. गोजर एकेक वाचत गेली. दामले, दिघे, देसाई... आणि थांबली.

"काय झालं गो?" भिमीने विचारलं.

देसले कुंडलिक काळूराम. नवऱ्याचं नाव तोंडाने कसं घ्यायचं? एरवी तिने लाजून भिमीला बोट दाखवलं असतं. पण तारीख गेल्या सालची होती, आणि ओटीवर बसून सासरा दोनदा म्हणाला होता, नापास झाला.

"अक्षर पुसलंय," गोजर म्हणाली आणि कागद घडी करून कमरेला खोचला.

पास झाला ह्याचा आनंद तिला क्षणभर झाला, नाही असं नाही. मग तिने तारीख पुन्हा वाचली. झालाय, आणि सांगत नाही. म्हणजे न्यायचीच नाही मला. मुंबईत शिकलेल्या बायका असतात, पायात चपला घालतात. तिने स्वतःचे चिखलाने भेगाळलेले पाय पाहिले आणि तिला रडू आलं.

रडून झाल्यावर तिने महादूकडून चाळीचा पत्ता घेतला, तो एकदा तिथे तांदूळ पोचवून आला होता. पाकीट आणवलं आणि लिहिलं: तुमी पास झालेलं मी वाचलं. कुनाला सांगितलं नाय. मी नको असेन तर तसं लिवा. नको नसेन तर पुढच्याच्या पुढल्या रविवारी आसनगावच्या ठेसनावर या. मी काकड्या घेऊन बसते. पाकिटावर त्याचं नाव घालताना तिचा हात अडला. मग तिने ते लिहिलं. तोंडाने घ्यायची बंदी होती, हाताने घ्यायची कुणी घातली नव्हती.

त्या रविवारी महादू आसनगावला पेंढा विकायला गेला, त्याच्या गाडीतून तीही गेली. सगळ्या काकड्या संपल्या, तरी ती रिकाम्या पाटीपुढे बसून राहिली. दुपारच्या गाडीने तो उतरला. वाळला होता. कोटाच्या कोपरांना ठिगळं होती.

"तू लिहिलंस ते? स्वतः?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"मंग काय भिमीने?"

तो पाटीपलीकडे उकिडवा बसला आणि बोलू लागला. दीड वर्ष त्याने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. कुठे म्हणाले जागा नाही, कुठे म्हणाले एवढा शिकलेला टिकायचा नाही, मॅट्रिकवाला पाठवा. आता चाळीच्या जिन्याखाली बसून तो गिरणीतल्या माणसांची पत्रं लिहून देत होता.

"नापास झालो तर बा म्हणतो, पुढल्या साली होशील. पास होऊन असा बसलोय हे कळलं तर तो काय म्हणेल? आणि तुला कुठे नेऊ? जिन्याखाली?"

"कोनाला लिवता पत्रं?"

"त्यांच्या बायकांना. दिवसाला दहा होतात."

गोजरने त्याच्या हाताकडे पाहिलं. दिवसाला दहा बायकांना नवऱ्यांची पत्रं जात होती, याच हाताने लिहिलेली.

"आनि मला एक नाय?"

"तुला वाचता येत नाही असं वाटलं गं. दुसऱ्याकडून वाचून घेतलं असतंस, सगळ्यांना कळलं असतं." त्याने खाली बघितलं. "एक साल थांब. नोकरी लागली की पास झालो म्हणून सांगतो."

"तुमी नापास झालाच नाय," गोजर म्हणाली. "नापास मी होते, दर साली. मामंजी ओटीवर येऊन सांगतात, आनि मी आतून ऐकते. अजून किती वेळा होऊ?"

बी.ए.ला हा प्रश्न आला नव्हता. परतीची गाडी आली. तो उठला आणि गाडीत चढला.

पुढचे पंधरा दिवस गोजर भात कापत होती आणि स्वतःला शिव्या देत होती. एवढं बोलायला नको होतं. होता तो धागाही आपल्या हाताने तोडला, असं तिला रोज वाटे. सोळाव्या दिवशी टपालाच्या शिपायाने पाकीट आणलं. शिक्का मुरबाडचा होता.

'गोजर,' त्याने लिहिलं होतं, 'दुसऱ्यांचं पत्र मी घटकेत लिहितो, ह्याला चार दिवस लागले. बाला खरं सांगितलं. तीन दिवस तो मला टाळून शेतावरच जेवला. चौथ्या दिवशी म्हणाला, बी.ए. झालास, आता काय करशील? मी म्हटलं, भात झोडीन. आज झोडायला बसलो तर हाताला फोड आले, बा हसला. म्हणाला, झोडणी झाली की सुनेला आणायला गाडी जुंपू. तोवर थांबशील ना?'

"काय लिवलंय गो?" भिमी हात पुसत आली.

"अक्षर पुसलंय," म्हणत गोजरने पत्र पदराखाली घेतलं. झोडणी संपायला अजून महिना होता. तिने पहिल्या शब्दावर, आपल्या नावावर, पुन्हा बोट ठेवलं आणि मनातल्या मनात वाचायला लागली.