एकसष्टावी प्रत

कंपनीने आपले धोरण पुन्हा बदलून त्याची एकोणसाठावी प्रत काढली, त्या मंगळवारी आमच्या स्वयंपाकघराची पूर्वेकडची भिंत दीड हात आत आली. फडताळ, पाण्याचे पिंप, पोळपाट सगळे आपापल्या जागी होते. मधली जागा तेवढी कमी झाली होती. वन्सं ओट्याशी चहा गाळत होत्या आणि त्यांचे कोपर भिंतीला लागत होते.

"भिंत सरकली," मी म्हटले.

"कुठली?"

"ही. दीड हात."

"काहीतरीच तुझं, नलू. पहिल्यापासून इथंच आहे ती."

त्यांनी मान्यतेचे बटण दाबले होते. ते दाबले की नवे तेच पहिल्यापासूनचे वाटते. मी दाबत नसे, म्हणून मला आठवत असे. माझ्या फोनवर तीन वर्षे एकच सूचना उभी होती, की आमचे धोरण बदलले आहे, मान्य करा. तिच्या पलीकडचे काही दिसत नसे. म्हणून दर वेळचे नवे धोरण मी वन्संच्या फोनवरून काढी, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याची छापील प्रत आणी आणि लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवी. ती कंपनी नेमके काय करते हे मला कधी नीट कळले नाही. आधी ती फोटो ठेवायची.

खाली केसरकरांकडे जाऊन विचारले, तर त्यांचीही भिंत आत आली होती. नवरा-बायको ताटे हातात घेऊन उभे होते.

"आम्ही उभ्यानंच जेवतो, वहिनी," केसरकर म्हणाले. "पहिल्यापासून. पचतं चांगलं."

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, द्वारका. त्यांनी लग्न केले नाही. यजमान गेल्यावर आम्ही दोघीच उरलो, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसत आलो होतो. सांगलीतल्या एका छापखान्यात अडतीस वर्षे मी मुद्रितशोधक होते आणि वन्सं माझ्या वाचक. त्या मूळ प्रत मोठ्याने वाचत, विरामचिन्हांसकट, आणि मी समोरच्या प्रूफावर पेन्सिल फिरवी. शाळेची पुस्तके, पंचांगे, मंगलाष्टके, मतदारयाद्या. त्यांचा आवाज कधी चढला नाही की उतरला नाही. "बाबूराव स्वल्पविराम वय बावन्न स्वल्पविराम पुरुष पूर्णविराम." केरोसीनचा आणि शाईचा वास, छपाईचे खिळे मांडलेल्या लाकडी घोड्यांमागून येणारा पंख्याचा वारा, चार वाजता ॲल्युमिनियमच्या किटलीतून येणारा चहा. अजूनही मला त्या वासाशिवाय चार वाजल्यासारखे वाटत नाही.

पहिल्याच दिवशी आमच्या हेड मुद्रितशोधकांनी, गणपुल्यांनी, मला बजावले होते. "बाई, अर्थ वाचायचा नाही. अर्थ वाचायला लागलात की डोळा पुढं धावतो. अक्षर वाचायचं."

पान संपले की वन्सं विचारत, "झालं?" मी म्हणे, "झालं." पान स्वच्छ असेल तर खाली बरोबरची खूण करून आद्याक्षरांची सही करी, न. तां. त्या सहीशिवाय मशीनवरचा रघुनाथ मशीन सुरू करत नसे, आणि एकदा सुरू केले की कुणाच्या सांगण्याने थांबवत नसे.

एका वर्षी मतदारयादीतून बापू लाड नावाचे एक गृहस्थ गळाले. मूळ प्रतीतच त्यांचे नाव नव्हते. आमचे पान स्वच्छ होते आणि त्यावर माझी सही होती. पण लाड महिनाभर रोज छापखान्यात येत, आमच्या टेबलापाशी उभे राहत आणि विचारत, "बाई, मी आहे ना?"

वन्सं मान वर करून लगेच म्हणत, "आहात हो. बसा, चहा घ्या."

मी मात्र दर वेळी यादी उघडून पाहत असे.

साठावी प्रत पंधरा दिवसांनी आली. मी ती एकोणसाठाव्या प्रतीशेजारी ठेवून पाहिली. आधी लिहिले होते की सेवा सुधारण्यासाठी वापरकर्त्याची सावली घेतली जाऊ शकते. आता ती घेतली जात होती. आधी माहिती निवडक भागीदारांना दिली जात होती. आता 'निवडक' गेले होते.

वन्सं गॅलरीत केस वाळवत बसल्या होत्या. ऊन त्यांच्यावर पडून थेट फरशीवर उतरत होते. खुर्चीची सावली होती, केसांतून फिरणाऱ्या कंगव्याची होती.

दुपारी चहाच्या वेळेला भागीदार आले. अकरा जण होते. चपला दाराबाहेर काढून ते बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून ओळीने बसले. कुणी पाणीही मागितले नाही. त्यांतल्या एका जाड चष्मेवाल्या गृहस्थांनी घसा खाकरून सांगितले, "द्वारका तिसरीत असताना हिची रिबीन विहिरीत पडली. हिरवी होती."

"असेल," वन्सं म्हणाल्या. "मला नाही आठवत."

ती रिबिनीची गोष्ट त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितली होती. विहिरीत वाकून पाहिल्यावर पाण्यात रिबीन सापासारखी हलत होती, इथवर.

ते एक-एक सांगत गेले. भागीदारांना जे ठाऊक होई ते वन्संपाशी राहत नसे. एका बाईने माझ्या सासूबाईंची अंगाई गुणगुणली, तीही सासूबाईंच्या किंचित बसक्या आवाजात, आणि वन्संनी तिला विचारले, "छान आहे हो चाल. कुठली?"

मी भागीदारांना जा म्हटले. ते नम्रपणे हसले. रात्री मी बैठकीच्या खोलीतला दिवा बंद केला, तर ते अंधारात बसून राहिले. केसरकरांना वर बोलावले. ते दारातूनच म्हणाले, "आमच्याकडं चौदा आहेत. काही त्रास नाही हो त्यांचा."

रविवारी जेवताना वन्संनी विचारले, "नलू, तुझ्या नवऱ्याचं नाव काय होतं गं?"

"श्रीधर. तुमचा धाकटा भाऊ."

"हो का?" त्या म्हणाल्या आणि आमटी वाढून घेतली. "चांगला होता का?"

"तापट होता. तुमच्यापुढं मात्र मांजर व्हायचा."

"अरे वा," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या कुणाची गंमत ऐकावी तशा हसल्या.

गुरुवारी सकाळी अकराला पारगावकरबाई आल्या. पन्नाशीच्या, इस्त्रीची सुती साडी, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. त्यांनी भागीदारांना मान लववून नमस्कार केला, मला एक बारा पानी प्रत दिली आणि खुर्चीवर बसल्या.

"ही एकसष्टावी," त्या म्हणाल्या. "आणि द्वारकाबाईंचं खातं आज पाचला बंद होतंय, ते कळवायला आले."

"बंद म्हणजे?"

"पूर्ण झालं ना ते."

"आणि वन्सं?"

पारगावकरबाईंनी बशीतला लाडू घेतला. "लाडू छान झालाय. बेसनाचा ना? खातं आणि खातेदार आम्ही वेगळे धरत नाही, मावशी."

मी विचारले की याला हरकत घेता येते का. त्या म्हणाल्या, येते. पहिली प्रत आणि ही प्रत समोरासमोर ठेवून जुळवायची. एकीने मोठ्याने वाचायचे, दुसरीने पाहायचे. जिथे फरक दाखवाल तिथले परत मिळेल. मधे सोडता येत नाही.

"शेवटच्या पानावर हरकत घेणाऱ्याच्या सहीची जागा आहे," त्या म्हणाल्या. "ती कोरी ठेवायची. सही म्हणजे मान्यता. कोरी राहिली की खातं बंद होत नाही."

"एवढंच?"

"एवढंच. पण आजवर कुणी केलं नाही. बहुतेकांकडं पहिली प्रतच नसते. आणि असली, तर वाचणारं माणूस नसतं."

मी ट्रंक उघडली. तळाशी पहिली प्रत होती, कडा पिवळ्या पडलेली. जेवणाच्या टेबलावरचे सगळे उचलले. वन्संना त्यांच्या बाजूला बसवले, मी माझ्या बाजूला बसले. पेन्सिलीला टोक केले. त्यांना माझे नाव आठवत होते, पण आपण कोण ते सांगता आले नसते. मी पहिली प्रत त्यांच्या हातात ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला, कागद डाव्या हाताने जरा तिरका धरला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज तोच होता. चढला नाही, उतरला नाही.

"कलम एक पूर्णविराम ही सेवा वापरून आपण स्वल्पविराम म्हणजे यापुढे वापरकर्ता स्वल्पविराम..."

पहिला फरक दुसऱ्या पानावर सापडला. मी पेन्सिलीने घेर घातला. स्वयंपाकघरातून दगड घासल्यासारखा आवाज आला. पारगावकरबाई उठून पाहून आल्या. "गेली भिंत मागं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा बसल्या.

चौथ्या पानावर दोन फरक होते. जाड चष्मेवाले गृहस्थ उठले, दाराबाहेर जाऊन चपला घालू लागले. वन्सं वाचता वाचता थांबल्या.

"रिबीन," त्या म्हणाल्या. "हिरवी. नलू, पाण्यात ती सापासारखी..."

"वाचा, वन्सं. थांबायचं नाही."

"वाचते गं बाई. अजूनही घाई करतेस."

सहाव्या पानावर सावली परत आली. दाराखालच्या फटीतून आत सरकली आणि त्यांच्या खुर्चीखाली जाऊन बसली. सातव्यावर अंगाई गाणारी बाई गेली. नवव्या पानावर वन्संनी कागदावरून नजर न काढता म्हटले, "श्रीधर माझ्यापुढं मांजर व्हायचा, कारण मी त्याला विहिरीत सोडीन म्हणायचे." मी पेन्सिल पुढे चालवली. रडत बसले तर डोळ्याला अक्षर दिसत नाही. अडतीस वर्षांत मी एकदाही टेबलावर रडले नव्हते.

चार वाजले. कुणीतरी चहा आणायला हवा होता. भागीदारांपैकी एकच उरला होता, एक शांत, वयस्कर माणूस. अकराव्या पानाच्या शेवटच्या ओळीला मी घेर घातला तसा तो उठला, बसायची सतरंजी त्याने घडी करून कोपऱ्यात ठेवली आणि गेला. बैठकीची खोली रिकामी झाली. वन्सं पूर्ण परत आल्या होत्या. गालावर थोडा रंगही होता.

"एकच पान राहिलं," पारगावकरबाई म्हणाल्या. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटे होती.

वन्संनी बारावे पान उचलले. मी माझे उचलले. त्या वाचत गेल्या, मी पेन्सिल चालवत गेले. शब्दाला शब्द भेटत होता, स्वल्पविरामाला स्वल्पविराम. साठ वेळा बदललेल्या त्या धोरणात हे पान कधीच बदलले नव्हते. म्हणून मी ते कधी पाहिलेही नव्हते. दर वेळी मी फरक असलेलीच पाने पाहत आले होते. किती सुंदर जुळत होते. एक काना इकडचा तिकडे नव्हता. मला गणपुल्यांची आठवण झाली. किटलीचा आवाज आल्यासारखा वाटला, केरोसीनचा वासही आला.

"...अशा वेळी वापरकर्ता बंद करण्यात येईल पूर्णविराम," वन्संनी वाचले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "झालं?"

"झालं," मी म्हटले, बरोबरची खूण केली आणि तिच्याखालच्या कोऱ्या जागेत सही केली. न. तां.

मग मी ते पान वाचले. त्यात लिहिले होते की वापरकर्त्याविषयी जाणून घेण्यासारखे काही उरले नाही, किंवा जाणून घेतलेले त्याने परत मागितले, तर अशा वेळी वापरकर्ता बंद करण्यात येईल.

मी खोडरबर शोधू लागले. ते चष्म्याच्या घराखाली होते. पण तोवर पारगावकरबाईंनी पान माझ्या हाताखालून अलगद काढून घेतले होते. त्यांनी सहीवर हलकेच फुंकर घातली, जणू ती शाईची होती.

"मी चुकून केली," मी म्हटले. "सवयीनं. माझी हरकत आहे."

"पान बरोबर होतं ना?"

"पान बरोबर होतं."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. त्यांनी पहिली प्रत आणि एकसष्टावी एकत्र टाचली, लाडवाबद्दल आभार मानले आणि जिना उतरून गेल्या.

टेबल थरथरू लागले. आधी चमचे वाजले, मग बशा. खालून कुठून तरी मशीन सुरू झाल्याचा आवाज येत होता, आधी संथ, मग लय पकडलेला. रघुनाथला जाऊन वीस वर्षे झाली आहेत, पण ते मशीन मी ओळखते. त्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर एक कागद पडत होता.

वन्सं उठल्या. टेबलाला वळसा घालून त्या माझ्या बाजूला आल्या. अडतीस वर्षांत त्या माझ्या बाजूला कधी आल्या नव्हत्या. माझ्या खुर्चीपाशी त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

"नलू," त्या म्हणाल्या, "मी आहे ना?"

टेबलावर नावांच्या यादीचे छापलेले पहिले पान येऊन पडले होते, अजून ओले. मी तोंड उघडले, पण माझे बोट आधीच नावांच्या ओळीवरून खाली उतरू लागले होते.