मागे पडलेला फोन

लातूरच्या पार्वतीबाईंनी शिकवणीच्या मुलींसाठी वसतिगृह काढलं होतं. मुली साठ, वायफाय एकच. रविवारी सकाळी ऑनलाइन पेपर सुरू झाला की कुणीतरी घरी व्हिडिओ कॉल लावायचं आणि सगळ्यांचेच पेपर अडकायचे.

"उजमा, काहीतरी कर माय, पोरी रडून राहिल्यात," असा पार्वतीबाईंचा निरोप आला.

उजमाचं गंजगोलाईच्या बाजाराजवळ नेटचं दुकान होतं. फोन असो की टॅब, प्रत्येकाला कारखान्यातूनच स्वतःचा एक क्रमांक मिळालेला असतो. पेपर देणाऱ्या मुलींचे क्रमांक तिनं सेटिंगमध्ये बघून घेतले, राउटरमध्ये भरले. या क्रमांकांना आधी वाट, बाकीचे मागे. पुढच्या रविवारी पेपर अडकल्याची एकही तक्रार आली नाही. पार्वतीबाईंनी दुकानावर गरम धपाटे आणि दही पाठवलं.

महिन्याभरानं उजमा वायर बदलायला गेली, तर मुखेडचे शेषेराव दारात लेकीची ट्रंक बांधत होते. तनुजा भिंतीला टेकून उभी होती.

"चार पेपर झाले, अर्धेच सोडवून येतीय," शेषेराव म्हणाले. "खालच्या बॅचला टाकलं तिला. झेपंना, तर कशाला ठेवायचं?"

"पेपर अर्धा का राहतो गं?" उजमानं विचारलं.

"पान उघडतच न्हाई दीदी. गोल फिरत बसतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाकीच्यांचं चालतंय ना. मला वाटलं, माझंच काही चुकून राहिलंय."

उजमानं तिचा फोन हातात घेतला. इतर मुलींकडे क्लासनं दिलेले जुने टॅब होते, हिचा फोन नवा. नवे फोन वायफायला आपला खरा क्रमांक सांगत नाहीत, बनावट सांगतात. उजमाच्या यादीत खरा होता. म्हणजे राउटरनं या पोरीला ओळखलंच नव्हतं, दर रविवारी सगळ्यांच्या मागे ढकललं होतं. उजमानं बाईंनी पाठवलेले धपाटे खाल्ले, पण एकदाही कुणाला विचारलं नाही, तुझं चालतंय का म्हणून.

"ट्रंक राहू द्या चाचा," ती म्हणाली. "चूक हिची नाही, माझी आहे."

फोनमधलं बनावट क्रमांकाचं सेटिंग तिनं बंद केलं आणि दोघांना घेऊन क्लास गाठला. तिथल्या सरांसमोर राउटरची नोंदच ठेवली. चारही रविवारी तनुजाचा फोन रांगेत शेवटी.

"तुमच्या नावाला बट्टा लागेल, बाई," सर म्हणाले.

"लागू द्या. पण हिचा पेपर पुन्हा घ्या."

सरांनी बुधवारी पेपर घेतला. शेषेराव मुक्कामाला राहिले. उजमा दुकान बंद ठेवून वसतिगृहाच्या जिन्यात राउटरपाशी बसून होती. तीन तासांनी तनुजा बाहेर आली.

"सगळा सोडवला," ती म्हणाली. "फिजिक्सचे दोन चुकले असतील."

चुकले पाच. तरी आधीच्या, वरच्या बॅचच्या यादीत तिचं नाव शेवटून दुसरं लागलं. शेषेराव संध्याकाळच्या एसटीनं एकटेच मुखेडला परतले.