बुधवारचा रस्सा

इलारियो सेर्तुचे यांनी सॅन अँटोनिओच्या पश्चिम भागातल्या शाळेत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं आणि त्या काळात कुणाचीही खोटी स्तुती केली नाही. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट लोकांच्या जास्त लक्षात राहिली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली तरी वस्तीत ते मास्तरच होते. एखाद्या मुलीनं गायलेलं गाणं किंवा एखाद्यानं बांधलेली भिंत मास्तरांनी ‘ठीक’ म्हटली, की घरचे लोक ते अभिमानानं चारचौघांत सांगत.

दर बुधवारी दुपारी ते रुळांपलीकडच्या ‘पेत्रा कॅफे’त खिडकीजवळ बसत आणि चीजचे एंचिलाडा मागवत. कॅफेच्या दाराशी मूळ मालकीण पेत्रा त्रेविन्यो यांचा फोटो होता. जाता-येता लोक त्याच्या चौकटीला बोट लावून पुढे जात. या जागेवर आशीर्वाद आहे, असं चर्चचे फादर म्हणत. मास्तरांनी चौकटीला कधी बोट लावलं नाही. कॅफे इतकी वर्षं का टिकला, याचं त्यांचं स्पष्टीकरण साधं होतं. मैदा चरबीत ठरलेल्या तांबूस रंगावर येईपर्यंत भाजायचा, सुक्या मिरच्या घरीच दळायच्या, मक्याच्या पातळ पोळ्यांत, म्हणजे तोर्तियांत, चीज गुंडाळून वर रस्सा ओतायचा आणि ताट भट्टीत इतकं तापवायचं की कडेला ओघळलेलं चीज करपून चिकटावं. हे सारं रोज, न कंटाळता करायचं. एकानं केलेला प्रयोग दुसऱ्याच्या हातून जसाच्या तसा उतरला, की तो खरा मानायचा, हे त्यांनी मुलांना जन्मभर शिकवलं होतं. इथे तो सासूच्या हातून सुनेच्या हाती गेला आणि तसाच उतरला होता. मास्तर याला आशीर्वादापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट समजत आणि तिच्याबद्दल त्यांना मनापासून आदर होता.

डिसेंबरात त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. जीभ शाबूत होती. खारट, गोड, आंबट, कडू तिला कळत होतं. तिखटाची आगही जाणवत होती, कारण ती निराळ्या नसेवाटे कळते. मात्र जिरं, लसूण, भाजलेला मैदा, कॉफी यांचा पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी वाट पाहायला सांगितलं. मास्तरांनी हे कुणाला सांगितलं नाही आणि बुधवारही चुकवला नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी कॅफेत वाढणाऱ्या ओराल्यानं मक्याचे कुरकुरीत तुकडे आणि चटणी त्यांच्यापुढे ठेवली. ती इथे इतकी वर्षं होती की गिऱ्हाइकांचं वजन वाढलेलं तिला त्यांच्या बायकांच्या आधी कळे. नेहमीसारखी ती निघून गेली नाही. खाली वाकून तिनं हलक्या आवाजात सगळं सांगितलं. पेत्राबाईंची सून एलोइसा हिचा खांदा आता पातेलं उचलू देत नव्हता. तिची मुलगी नेरेइदा ह्यूस्टनमधली विमा कंपनीतली नोकरी सोडून तीन वर्षांपासून आईच्या हाताखाली राबत होती, आणि आजचा रस्सा पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनं एकटीनं केला होता. एलोइसाची अट अशी होती की हा सासूबाईंचाच रस्सा आहे असं मास्तरांनी म्हटलं, तर स्वयंपाकघर नेरेइदाचं. नाहीतर जूनमध्ये मानानं कुलूप लावायचं.

मास्तरांनी विचारलं, बाई स्वतः का चाखत नाहीत?

“त्या म्हणतात, जन्म त्या वाफेत गेला, आता काही कळत नाही. शिवाय मुलगी त्यांची. सगळ्यांना ठाऊक आहे मास्तर, तुम्ही तोंडदेखलं बोलत नाही.”

ती गेली आणि मास्तर त्या कुरकुरीत तुकड्यांकडे बघत राहिले. ‘हो’ म्हणणं सोपं होतं आणि ते खरंही असण्याची शक्यता बरीच होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. टायरच्या दुकानातली माणसं तोर्तियाच्या तुकड्यानं ताटं पुसून घेत होती. कोपऱ्यातली जोडपी नेहमीसारखीच भांडत आणि नेहमीसारखीच जेवत होती. कुणीही मान वर करून ‘आज काय झालं’ असं विचारलं नव्हतं. पुरावा बरा होता. पण तो अंदाजाचा पुरावा होता, आणि त्यांच्याकडे मागितली होती साक्ष.

ताट आलं. चीज अजून उकळत होतं. पहिल्या घासाला त्यांनी प्रामाणिकपणे नोंद घेतली: मीठ बरोबर, तिखट बरोबर, दाटपणा बरोबर, शेवटी किंचित कडवटपणा, म्हणजे मैदा नीट भाजलेला. त्यापुढे जिथे जिऱ्यानं यायला हवं, तिथे काहीच नव्हतं. स्वयंपाकघराच्या झुलत्या दारातल्या काचेमागे दोन चेहरे दिसत होते, एक तरुण, एक म्हातारा, आणि दोघींपैकी कुणीही पापणी हलवत नव्हतं.

मास्तरांनी काटा खाली ठेवला आणि दोघींना खुणेनं बोलावलं.

“मला सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “माझं नाक डिसेंबरपासून बंद आहे. बिघडलेल्या उपकरणानं निकाल देऊ नये.”

नेरेइदानं हातातलं फडकं घट्ट पिळलं. एलोइसा त्यांच्याकडे बघतच राहिली.

“डिसेंबरपासून? म्हणजे एवढे बुधवार तुम्ही इथे खात काय होतात?”

“गरम, खारट, तिखट आणि मऊ.”

“आणि ताट परत पाठवताना म्हणायचात, ‘बाईंना सांगा, छान.’”

“‘बाईंना सांगा, आभारी आहे,’ असं म्हणायचो. ओराल्याला विचारा.”

ओराल्यानं शेजारच्या टेबलावरून, ‘आभारी’ हाच शब्द होता, अशी साक्ष दिली. एलोइसाचं त्यानं फारसं समाधान झालं नाही.

“मग येत होतात कशाला?”

“घरी वास येत नाही तेव्हा घर रिकामं वाटतं. इथे तसं वाटत नाही. का, ते मला माहीत नाही. माहीत झालं की सांगेन.”

एलोइसानं तोंड दुसरीकडे वळवलं आणि उगाच मिठाची बाटली सरळ केली. मग ती मुलीला म्हणाली की ठीक आहे पोरी, आता जूनचंच बघू. नेरेइदाचा चेहरा बघून मास्तरांना, परीक्षेला बसायच्या आधीच नापास ठरवलेल्या मुलांची आठवण झाली. ती गोष्ट त्यांना नोकरीत असतानाही चालत नसे.

“बाई, तुमच्या ताटात वाढलेला हा रस्सा तुम्ही शेवटचा कधी खाल्लात?”

“रोज चाखते की.”

“चुलीशी, चमच्यानं, उभ्यानं. मी ताटाबद्दल विचारतोय. चीज, कच्चा कांदा, भट्टीतून आलेलं.”

एलोइसाला आठवेना. दुपारच्या वेळी घरच्या माणसानं गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचं नाही, हा सासूबाईंचा नियम होता, आणि लग्न होऊन आल्यापासून तिनं तो मोडला नव्हता. मास्तर म्हणाले, नियम घरच्या माणसाला आहे. ॲप्रन काढा, मागच्या पेकानच्या झाडाखाली जरा वेळ स्वच्छ हवेत उभ्या राहा. वाफेनं दमलेलं नाक तेवढ्यानं जागं होतं. मग गिऱ्हाईक म्हणून पुढच्या दारानं या. एलोइसानं त्यांना वेड्यात काढलं, तुमच्या नाकाबरोबर आणखीही काही गेलंय म्हणाली, आणि बोलता बोलता ॲप्रनची गाठ सोडू लागली.

थोड्या वेळानं पुढचं दार उघडून ती आत आली. केस हातानं सारखे केलेले, ओठांना ओराल्याकडून उसनी घेतलेली लिपस्टिक. टायरवाले जेवायचे थांबले.

ओराल्या तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. “किती जण?”

“दोघं,” एलोइसा म्हणाली. “ते म्हातारे आधीच येऊन बसलेत.”

ती मास्तरांसमोर बसली आणि आपल्याच कॅफेकडे अनोळखी घराकडे बघावं तशी बघू लागली. इथून फोटो वाकडा दिसतो, पंखा जास्तच आवाज करतो, असं काहीबाही बोलली. नेरेइदा स्वतः ताट घेऊन आली. “ताट गरम आहे, हात लावू नका,” ती सवयीनं म्हणाली. एलोइसानं, सगळे लावतात तसा, लगेच हात लावला.

पहिला घास. दुसरा. तिच्या चेहऱ्यावरून मास्तरांना काही वाचता आलं नाही.

“मोठ्यानं सांगा,” ते म्हणाले. “मला काय कळत नाहीये ते तरी कळू दे.”

एलोइसानं डोळे मिटले. “आधी जिरं. घाईघाईनं पुढे येतंय, रांग मोडून. माझं मागून यायचं. सासूबाईंचं तर घास गिळल्यावर. मग लसूण आहे, तो चांगला मऊ झालाय. मग मिरची, ती आपलीच आहे, तिला काही झालेलं नाही.” तिनं आणखी एक मोठा घास घेतला. “आणि सगळ्यात खाली मैदा. पावसानंतर तापलेल्या मातीसारखा. तो तसाच आहे. हुबेहूब तसाच.”

मास्तरांनी आपल्या गार होत चाललेल्या ताटातला एक घास घेतला. वास अर्थातच आला नाही. पण कुठल्या जागेवर कोण बसलंय, हे कळल्यावर खाणं निराळं होतं, हे त्यांनी मान्य केलं.

“म्हणजे सारखा नाही,” नेरेइदा म्हणाली.

“नाही,” एलोइसा म्हणाली आणि खात राहिली. तोर्तियाचा तुकडा तोडून तिनं करपलेल्या कडेपर्यंत ताट पुसून घेतलं. “सासूबाईंनी पहिल्यांदा माझा रस्सा चाखला तेव्हा म्हणाल्या होत्या, फिक्का. आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण कॅफे बंद करायचं त्यांच्या मनातही आलं नाही.”

“मग जून?”

“जूनमध्ये पंखा दुरुस्त करून घे. फार आवाज करतो.”

नेरेइदा तिथेच उभी राहिली. तेवढ्यात आतून भट्टीची घंटा वाजली आणि एलोइसा सवयीनं खुर्ची मागे सारून उठू लागली.

“आई, बस,” नेरेइदा म्हणाली. “मी बघते.”

झुलतं दार तिच्यामागे हलत राहिलं. एलोइसा अर्धवट उठलेली तशीच थांबली. तिनं आधी दाराकडे बघितलं, मग मास्तरांकडे, आणि ती हळूच खाली बसली.

“आता काय करतात?” तिनं विचारलं. “जेवून झाल्यावर. इथे बसलेली माणसं?”

“कॉफी मागवतात,” मास्तर म्हणाले, “आणि काही कारण नसताना बराच वेळ बसून राहतात.”