जेवणाची वेगळी टेबलं

साहेबांनी मगभर पाणी बाथरूमच्या फरशीवर ओतलं आणि ते कुठे जातंय हे बघत उकिडवे बसले. पाणी जाळीकडे जायला हवं होतं. बरंचसं गेलंही. ओंजळभर मात्र दाराशी रेंगाळलं आणि साहेबांचा चेहरा उजळला.

"उतार चुकलाय. पाडा आणि पुन्हा करा."

दाराशी उभ्या असलेल्या काकूंनी डोळे मिटून घेतले. दोघं नवरा-बायको राहायला म्हणून बघत असलेली निवृत्त लोकांची ही चौथी वसाहत. पहिलीच्या भिंतींना ओल होती, दुसरीचा जिना वाकडा होता, तिसरीत तर साहेबांनी गच्चीवर चढून पाण्याची टाकी हुंगली होती. जन्मभर बांधकामावर सुपरवायझर म्हणून काढल्यावर जित्याची खोड कुठे जाणार? निवृत्तीनंतरही घरीदारी सगळे त्यांना साहेबच म्हणत, आणि त्यामुळे खोडीला खतपाणीच मिळे.

त्यांचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. ती इमारतही साहेबांच्याच देखरेखीखाली उभी राहिलेली. लिफ्ट म्हणजे पायांचे लाड, असं तेव्हा मालकाला ठणकावून सांगणारे हेच. आता काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि खाली उतरायचं म्हणजे त्यांना आधी मनाची तयारी करावी लागे. ती बहुतेक दिवस होत नसे. त्यांना तळमजल्यावरची खोली हवी होती, आयतं ताट हवं होतं आणि बोलायला चार माणसं हवी होती. हीही जागा नापास झाली, तर पाचवी बघायला निघण्याचं बळ आपल्यात उरणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"काकू, ही खोली पूर्वेची आहे," व्यवस्थापिका म्हणाली. तरुण होती, पण पेशन्स म्हाताऱ्या माणसाचा होता. "सकाळचं ऊन आवडतं तुम्हाला?"

"तिला ऊन सोसत नाही," बाथरूममधून आवाज आला.

"पलीकडे वाचनालय आहे."

"वाचलं की तिचं डोकं दुखतं."

काकूंनी उघडलेलं तोंड मिटलं. साहेब बाहेर आले, खिशातून नाणं काढलं आणि फरशांवर टकटक करत खोलीभर फिरले. एका कोपऱ्यात आवाज पोकळ आला. त्यांनी विजयी मुद्रेने काकूंकडे पाहिलं. काकूंना ते नाणं हिसकावून खिडकीबाहेर भिरकावावंसं वाटलं.

जेवणघरात व्यवस्थापिकेने साहेबांसाठी खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि काकूंना घेऊन ती दुसऱ्या टोकाला निघाली.

"अहो, हिला कुठे नेताय?"

"इथली पद्धतच आहे काका. बघायला आलेल्या जोडप्याला आम्ही एका टेबलावर बसवत नाही. एकत्र बसलं की माणसं एकमेकांशीच बोलतात. इथल्या लोकांची ओळख होत नाही."

"पोरखेळ आहे सगळा. तिला काय वाढायचं हे कोण सांगणार?"

"काकूंनाच विचारू की."

काकूंच्या टेबलावर दोघी होत्या. एक निवृत्त नर्स, दुसरी पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होती आणि अजूनही पलीकडच्याला ऐकू येत नसल्यासारखी बोलत होती. वाढणारी बाई भांडं घेऊन आली.

"वांग्याची भाजी वाढू?"

काकूंनी मान वळवली आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. साहेब टेबलाचा पाय हलवून बघण्यात गुंग होते. काकू थांबल्या. वाढणारीही पळी धरून थांबली. नर्सबाई थोडा वेळ हे सगळं बघत राहिल्या.

"तिकडे काय बघताय?" त्या म्हणाल्या. "तिकडेही वांगंच आहे."

टेबलावर हशा पिकला. काकूंचे कान तापले.

"वाढा," त्या म्हणाल्या.

वांग्याने अंगावर पित्त उठायचं ते सासूबाईंच्या. सासूबाई गेल्या आणि त्यांचं पित्त घरात सुनेच्या नावावर लागलं. एका भाजीवरून कोण वाद घालणार, म्हणून काकूंनी तेव्हा सोडून दिलं होतं. मग एकदा दुपारी घेरी आली आणि ऊन गेलं. एकदा चष्म्याचा नंबर वाढला आणि पुस्तकं गेली. साहेबांनी सांगायचं आणि त्यांनी मूग गिळून बसायचं, इतकं अंगवळणी पडलं होतं की परक्या बाईने साधं विचारल्यावरही आपण नवऱ्याचं तोंड शोधलं! त्यांना राग आला. आधी साहेबांचा, मग स्वतःचा, आणि हा दुसरा जास्त झोंबला. त्यांनी भाजी पुन्हा मागून घेतली.

"संध्याकाळी आम्ही पत्ते कुटतो," ऑपरेटरबाई गरजल्या. "येतात का तुम्हाला?"

"येत होते," काकू म्हणाल्या. "आठवतील."

जेवण झाल्यावर साहेब दाराशी येऊन उभे राहिले. टेबल डुगडुगतंय, आमटीला चव नाही, समोरचा गृहस्थ जेवताना राजकारण बोलतो, हे सगळं व्यवस्थापिकेला ऐकवून झालं.

"एकंदरीत, आम्हाला नाही जमायचं. चल गं."

"काकू, तुम्हाला काय वाटतं?"

"तिचंही तेच मत आहे."

"नाही," काकू म्हणाल्या. "एकट्या माणसाची खोली असते का तुमच्याकडे? ती बघायची होती."

"एकट्याची? कोणासाठी?" साहेबांनी विचारलं.

साहेबांनी व्यवस्थापिकेकडे पाहिलं. ती जुडग्यातली किल्ली शोधत होती.

खोली बोळाच्या शेवटी होती. पलंग, कपाट, टेबल, खुर्ची, आणि गाड्या लावायच्या जागेकडे उघडणारी खिडकी. काकू गुडघा सांभाळत पलंगावर बसल्या. साहेब दारातच उभे राहिले, एक हात खिशात. आता उतार निघेल, ओल निघेल, फरशी पोकळ निघेल. काकूंनी उत्तर तयार ठेवलं होतं: असू दे पोकळ, मला फरशीखाली राहायचं नाहीये.

साहेबांनी खोली बराच वेळ पाहिली. खिशातला हात खिशातच राहिला.

"खुर्ची एकच आहे," ते म्हणाले. इतक्या हळू, की व्यवस्थापिकेने "काय?" म्हणून विचारलं.

काकूंना ऐकू आलं होतं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. ओठांवर तयार असलेलं उत्तर या वाक्याला बसणारं नव्हतं.

"या ना," त्या म्हणाल्या. "बसा तिच्यावर. मला पलंग आहे."

साहेब दारात चपला काढून आत आले आणि परक्याच्या घरी बसावं तसे खुर्चीच्या कडेवर टेकले.