डाव्या बाजूचं कापड

“बघ की, परत तितंच ओढतंय.” लालबीनं पदर बाजूला करून डावा हात वर केला. “तुझी कात्री म्हातारी झाली, दाक्षा.”

दाक्षायणीनं चष्म्यावरून पाहिलं. डाव्या काखेखाली कापडाला आडव्या चुण्या पडल्या होत्या. हाच ब्लाउज तिनं दोनदा उसवून सैल करून दिला होता, एकदा आषाढात आणि एकदा गणपतीत. आता दिवाळी होऊन गेली होती आणि शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापडही संपलं होतं.

“माझं कटिंग चुकत न्हाय. तूच जाड झालीस.”

“एकाच बाजूनं व्हय?”

लालबी हसली. दाक्षायणीला मात्र हसू आलं नाही.

विजापूर वेशीजवळच्या त्या गल्लीत दाक्षायणी बावीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवत होती. हात चांगला, तोंड फटकळ. ब्लाउज घट्ट झाला तर तुम्ही खाल्लंत, सैल झाला तर तुम्ही वाळलात. तिचं चुकलं असं आजवर झालंच नव्हतं, निदान ती तरी तसं म्हणाली नव्हती. समोरच्या घरातली लालबी टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला जायची आणि येता-जाता दाक्षायणीची खोडी काढायची. तीन आठवड्यांवर तिच्या लेकीचा, शाइस्ताचा निकाह आला होता. त्यासाठी डाळिंबी रंगाचं कापड घेऊन ती आली होती.

“हात खाली सोड. मापं नव्यानं घेते.”

खांदा, पाठ, छाती, कंबर. टेप अंगाभोवती फिरवायची, आकडा वहीत लिहायचा, छातीचा चौथा भाग काढायचा आणि खाकी कागदाची घडी घालून अर्धाच ब्लाउज आखायचा. कापड दुहेरी ठेवून कापलं की दुसरी बाजू आपोआप निघते. माणूस दोन्हीकडून सारखाच असतो असं धरून चालायची या धंद्याची रीतच आहे. एकेक बाजू वेगळी कुणी मोजत नाही.

त्या दिवशी दाक्षायणीनं मोजली. टेपचं टोक पाठीच्या मणक्यावर धरलं आणि आधी उजवीकडून छातीच्या मध्यापर्यंत आणलं. साडेअठरा. मग डावीकडून आणलं. पावणेवीस.

तिनं पुन्हा मोजलं. पावणेवीसच आलं.

तिनं तो आकडा वहीत लिहिला. दुधनीला दिलेली तिची थोरली बहीण, कमलम्मा, अशीच दर खेपेला एक ब्लाउज घेऊन यायची. एकाच बाजूनं आवळतो म्हणायची. “भाकरी कमी खा,” असं चेष्टेत म्हणत दाक्षायणीनं तो तीनदा सैल करून दिला होता. चौथ्या खेपेला कमलम्मा आली नाही, तिला आणावं लागलं. तोवर डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. त्या तीन वेळा उसवलेल्या शिलाईबद्दल दाक्षायणी सहा वर्षांत कुणाजवळ बोलली नव्हती.

“काय झालं गं? अशी का बघतीस?”

“काय न्हाय.” दाक्षायणीनं टेप गुंडाळली. “कागद आखताना माझंच चुकलंय.”

लालबी बघतच राहिली. मग स्टुलावर बसून इतकी हसली, इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पदरानं पुसायला तिला बराच वेळ लागला.

“या अल्ला! बावीस वर्षांनी कबूल केलंस! आता सगळ्या गल्लीला सांगते बघ.”

आणि ती खरोखरच सांगत गेली. दाक्षायणीला दारातून तिचा आवाज दूरपर्यंत ऐकू येत होता.

मग तिनं दार लोटून घेतलं. वापरून वापरून टेप ताणली जाते, हे तिला ठाऊक होतं. देवाचं नाव घेत तिनं ती लोखंडी पट्टीवर लावली. टेप तंतोतंत होती. खिळ्याला अडकवलेल्या कागदांतून लालबीचा जुना कागद काढला, घडी उघडली, पट्टी लावून एकेक रेघ तपासली. मुंढा बरोबर, टक्स बरोबर, सगळंच बरोबर. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला आपली चूक हवी होती आणि ती काही केल्या सापडत नव्हती.

सांगावं तर लग्नघरात रडारड. न सांगावं तर दुसरी कमलम्मा. ती दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरली. तिसऱ्यांदा चपला न घालताच गल्ली ओलांडून गेली.

लालबी एकटीच तांदूळ निवडत बसली होती. शाइस्ता बांगड्या भरायला गेली होती.

“लालबी, मगाशी मी खोटं बोलले. कटिंग चुकलं न्हाय माझं.”

लालबीचा हात ताटात थांबला. तिनं वर पाहिलं नाही.

“ठाव हाय मला.”

“काय ठाव हाय?”

“आंघोळ करताना हाताला लागतंय. गाठ हाय. आषाढापासनं.” ती तांदळातल्या एकाच खड्याला बोटानं फिरवत राहिली. “म्हणून तर सारखी तुझ्याकडं येत होते. वाटायचं, तू म्हणशील कापडच चुकलंय. दोनदा आले, म्हणली न्हाईस. आज म्हणलीस, तर वाटलं, सुटले बाई.”

दाक्षायणी तिच्याजवळ खाली बसली. तिनं कमलम्माचं सगळं सांगितलं, तीनदा उसवलेल्या शिलाईसकट.

“उद्या दवाखान्यात जायचं.”

“आत्ता नक्को गं. निकाह होऊ दे. पोरीच्या सासरी कळलं तर काय म्हणतील?”

“कमलम्मा बी घरच्यांना म्हणली होती, गड्ड्याची जत्रा होऊ दे.”

लालबी पुन्हा तांदूळ निवडू लागली.

“उद्या येणार नसशील तर तुझं कापड परत ने. मी शिवणार न्हाय.”

“लेकीच्या निकाहात आईनं जुनाच घालायचा व्हय?”

“जुना तर आता तुला बसत बी न्हाय,” दाक्षायणी म्हणाली.

ताट दोघींच्या मधे सरकवत लालबी म्हणाली, “लई भ्या वाटतंय गं, दाक्षा.”

“मला बी.”

दोघींनी मिळून उरलेले तांदूळ निवडले.

सरकारी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रांगेत गेला. आत जाताना लालबीनं दाक्षायणीचा हात सोडला नाही, म्हणून नर्सनं दोघींनाही आत घेतलं. सुई घालून गाठीतलं थोडं तपासणीला काढलं. रिपोर्ट आठ दिवसांनी मिळेल म्हणाले. डॉक्टरीणबाई बोलायला गोड होती, पण गाठ किती दिवसांपासून आहे, हे तिनं दोनदा विचारलं. परतीच्या रिक्षात लालबी एवढंच बोलली, “ब्लाउज शिवायला घे.”

“घेते.”

दुपारी दाक्षायणीनं टेबलावर खाकी कागद पसरला. सवयीनं घडी घातली आणि मग ती उघडली. पहिल्यांदाच तिनं दोन बाजू वेगवेगळ्या आखायला घेतल्या. डाळिंबी कापडावर पाठ कापली, बाह्या कापल्या, समोरची उजवी बाजू कापली. डावीसाठी खडू हातात घेतला आणि तिथंच थांबली. पावणेवीस वहीत लिहिलेलं होतं. पण तीन आठवड्यांनी त्या जागी काय असेल, काही असेल की नाही, हे तिला कोण सांगणार होतं?

तिनं खडू ठेवला. उरलेलं कापड न कापता नीट घडी घालून बाकीच्या तुकड्यांवर ठेवलं आणि लालबीच्या नावाची चिठ्ठी टाचणीनं लावली.

“झालं का गं?” समोरच्या दारातून लालबीनं हाक मारली.

“निम्मं झालंय,” दाक्षायणी म्हणाली.